मावशींनी मागितलेलं गाणं

रविवारी सकाळी दहा वाजता आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा. वेस्ट विंडसरमधल्या माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये, वॉटर हीटरच्या शेजारी, एक घडीचं टेबल, दोन माइक आणि एक लॅपटॉप. समोर माझा मित्र, अलीकडे मी. एका छोट्या इंटरनेट रेडिओवर आम्हाला तासाभराची जागा मिळाली होती. पहिला अर्धा तास महाराष्ट्रातलं राजकारण, दुसरा अर्धा तास जुनी मराठी गाणी. पाच वर्षं हे चाललं. ऐकणारे फार नसतील, पण जे होते ते नेमाने ऐकायचे. न्यू जर्सीतले काही, मिशिगनमधले काही, आणि तिकडे संध्याकाळ असल्यामुळे पुण्या-नागपुरातले कोणाकोणाचे आईवडील. त्यात माझे बाबाही होते.

मित्र पुण्याचा. आम्ही एकाच वर्षी अमेरिकेत आलो, एकाच कंपनीत लागलो. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी बर्फात माझी गाडी अडकली, तेव्हा माझ्या बायकोला हॉस्पिटलमध्ये त्यानेच पोचवलं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात कोणीतरी त्याला खलनायक समजेल, आणि तो नव्हता.

राजकारणाच्या भागात आम्ही बऱ्यापैकी बोलायचो. कोण कोणाला सोडून गेलं, कोणत्या पक्षाचे दोन झाले, पहाटे शपथ कोणी घेतली आणि दुपारी कोण नाराज झालं. मित्र चिडून बोलायचा, मी थंडपणे. "सरकार बदललं, पण मुखडा तोच आहे, फक्त अंतरा नवीन," अशी वाक्यं मी आदल्या दिवशी लिहून ठेवायचो आणि सुचल्यासारखी फेकायचो. मग गाणी. तिथे माझं खरं मन लागायचं. भावगीतात पहिल्या ओळीनंतर सतार का थांबते, कोळीगीतात कोरस जरा मागून का येतो, लावणीच्या रेकॉर्डवर ढोलकीवाल्याने शेवटच्या अंतऱ्यात काय गंमत केली आहे, हे सांगताना मला वेळेचं भान राहायचं नाही. लोक विचारायचे, हे सगळं कुठे शिकलात? मी म्हणायचो, "घरी गाणं होतं."

ते खरं होतं. फक्त कोणतं गाणं, ते मी सांगत नसे.

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. आपल्याकडे लोकांना कळून घ्यायचं असतं. "मूळचे कुठले?" नागपूरचे. "नागपूरमध्ये कुठे?" मी स्टेशनजवळच्या भागाचं मोघम नाव सांगायचो. "वडील काय करायचे?" वीज मंडळात होते. मग समोरचा आपल्या मनाने काहीतरी जुळवून घ्यायचा आणि मी ते जुळू द्यायचो. एकवीस वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत असे. मित्र कधी आरक्षणावर विनोद करायचा, कधी कॉलेजातल्या कोणाच्या मार्कांवर. मी हसायचो. मोठ्याने नाही, पण हसायचो.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते आणि उरलेल्या वेळात एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीचे दिवस आले की महिनाभर ते घरी नसत. आज वर्ध्याकडे, उद्या भंडाऱ्याकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज बांधून रात्र रात्र भीमगीतं. त्यांच्या पार्टीची एकच कॅसेट निघाली. विजयादशमीला नागपुरात लाखो लोक येतात, तेव्हा फुटपाथवर चादर पसरून ती विकली जायची. त्यातल्या एका गाण्यात बाबांचा आवाज आहे. अक्षर न येणारी एक आई आपल्या मुलीला म्हणते, तुझ्या पाटीवर आधी माझं नाव लिहून दाखव. मुख्य आवाज पार्टीच्या गायकाचा, आणि दुसऱ्या कडव्यानंतर मागून येणारा दुसरा आवाज बाबांचा. लहानपणी मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की कुठे टाळी चुकली आहे तेही मला माहीत आहे.

कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षी बाबांनी फोनवर एकदाच विचारलं होतं, "आपली गाणी कधी लावता?"

"लावू ना. चांगलं रेकॉर्डिंग मिळालं की लावू," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या आठवड्यात आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं आणि सरकारने नेहमीप्रमाणे समिती नेमली होती. आम्ही त्यावरच बोललो. मी शेवटी म्हणालो, "राजकारणात जातीशिवाय काही उरलेलं नाही. निदान गाणं तरी तिच्या तावडीतून सुटलेलं आहे." मित्राने अंगठा वर करून दाखवला. मलाही वाक्य आवडलं होतं.

मग फर्माइशींचे फोन सुरू झाले. मित्राने एक कॉल घेतला. वयस्कर बाईंचा आवाज होता.

"नमस्कार बाबू. मी जर्सी सिटीवरून बोलते. लेकीकडे आली आहे सहा महिन्यांसाठी. तुमचा कार्यक्रम दर रविवारी ऐकते. तुम्ही आता जातीचं बोलला ते मला लई पटलं बाप्पा."

"थँक्यू मावशी," मी म्हणालो. "कोणतं गाणं ऐकणार?"

"जयंतीचं एक गाणं आहे. जुनं आहे, कॅसेटवर होतं. पाटीवर नाव लिहायचं गाणं. नागपूरची पार्टी होती."

आणि त्यांनी मुखडा गुणगुणून दाखवला. थोड्या वरच्या पट्टीत, पण स्वच्छ.

जगात इतकी गाणी आणि त्यांनी हेच मागितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी भीती वाटली. वाटलं, आता मित्र विचारेल, तुला हे गाणं माहीत आहे का. मग मी हो म्हणेन. मग तो विचारेल, कसं काय?

"मावशी, ते भीमगीत झालं," मी म्हणालो. "आपण इथे भावगीत, चित्रपटगीत, लोकगीत असं घेतो."

मित्र मध्येच बोलला. "अरे लावू की! काय हरकत आहे? नेटवर असेल, मी शोधतो."

मी हात वर करून त्याला थांबवलं. आणि माइकमध्ये, माझ्या त्या प्रसिद्ध थंड आवाजात म्हणालो, "नको. आपण आत्ताच बोललो ना? गाण्यांत जात नको, मावशी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती मला अजून ऐकू येते. मग त्या म्हणाल्या, "बरं बाबू. तुमचा कार्यक्रम आहे, तुम्हाला समजते." आणि सवयीने, काहीही न सुचवता, त्या म्हणाल्या, "जयभीम."

"नमस्कार," मी म्हणालो.

त्यानंतर मी एक चांदण्याचं भावगीत लावलं आणि त्यातल्या बासरीवर पाच मिनिटं बोललो. इतकं चांगलं मी क्वचितच बोललो असेन. तीन जणांनी मेसेज करून तसं कळवलंही.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना मित्र म्हणाला, "तू उगाच नाही म्हणालास यार. आमच्या सोसायटीच्या मागे जयंतीला लागायची ती गाणी. आई कटकट करायची आवाजाबद्दल, पण ठेका काय असायचा! मी गॅलरीत उभा राहून ऐकायचो."

"लोक कम्प्लेंट करतात," मी म्हणालो.

"कोण करतंय?"

मी गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळू लागलो.

वर किचनमध्ये बायको शेंगा सोलत बसली होती. फोनवर कार्यक्रम ऐकत असे ती. ती आमच्याच समाजातली, विदर्भातलीच. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं इथल्या जयंतीच्या कार्यक्रमाला तिने मला नेण्याचा प्रयत्न केला. मी दर वेळी काहीतरी काम काढलं. मग एकटीने जाणं तिला बरं वाटेना आणि तिनेही सोडलं. ती माझ्यावर ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "बाबा ऐकत असतील ना?"

कार्यक्रम संपला की बाबांचा फोन यायचा. त्या दिवशी आला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी मीच केला. बाबा गुडघ्याबद्दल बोलले, वॉर्डातल्या निवडणुकीत उभ्या असलेल्या चार उमेदवारांबद्दल बोलले, त्यातला कोण कोणाचा माणूस आहे ते समजावून सांगितलं. मी वाट बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "त्या बाईला सूर बरोबर लागला होता. पट्टी जरा वरची धरली, पण बरोबर लागला."

"बाबा, ते मी—"

"ठेव आता. औषधाची वेळ झाली."

त्या रात्री मी फार विचार वगैरे केला नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःची बाजू तयार करत होतो. कार्यक्रमाला शिस्त हवी, एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, असं सगळं. ते दोन दिवस टिकलं. गुरुवारी ऑफिसमध्ये एका मीटिंगमध्ये बसलो असताना मला एकदम ती कुकरची शिट्टी आठवली. मी बाहेर गेलो, लॅपटॉपवरून त्या कॉलचा नंबर काढला आणि लावला.

फोन मावशींच्या मुलीने उचलला. मी कोण ते सांगितलं.

"आई आहे. पण कशाला?"

"माफी मागायची होती."

"मग मागा. स्पीकरवर टाकते."

"समोर येऊन मागितली तर चालेल का?"

तिने पत्ता पाठवला.

शनिवारी दुपारी मी जर्सी सिटीला गेलो. नदीकाठच्या उंच इमारतींपैकी एक, तेविसावा मजला. मुलगी पस्तिशीची असेल, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी. तिने दार उघडलं, माझ्या हातातला मिठाईचा डबा घेतला आणि न बघता ओट्यावर ठेवला. मावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, वर मुलीचा बँकेचं नाव लिहिलेला स्वेटर.

"या बाबू, बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि जे घोकून आलो होतो ते विसरलो. म्हणालो, "मावशी, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. मी... मी आपल्यातलाच आहे."

मला वाटलं होतं, हे सांगितलं की काहीतरी सुटेल. मुलगी उभीच होती. ती म्हणाली, "मग तर जास्तच वाईट."

"अगं," मावशी म्हणाल्या.

"नाही आई, बोलू दे. तुमच्या मित्राने लावू म्हटलं होतं. आम्ही ऐकलं. तुम्ही नाही म्हणालात." मग जरा खालच्या आवाजात, "मीपण ऑफिसमध्ये दोन वर्षं गप्प होते. काय होतं ते मला कळतं. पण मी गप्प बसले. दुसऱ्या कोणाला गप्प बसवलं नाही."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी हिला त्या दिवशी सांगितलं, त्या पोराला काय माहीत? त्याच्या घरी नसतील असली गाणी. त्याची काय चूक?"

म्हणजे त्यांनी मला माफ केलं होतं, परका समजून. आता ती माफीही माझ्याकडे राहिली नाही.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाचे. मी बाबांचं नाव सांगितलं, पार्टीचं सांगितलं. मावशी एकदम पुढे सरकल्या. "पेटीवर बसायचे ते? काळा कोट घालून?"

"हो."

त्यांच्या गावात बाबांची पार्टी आली होती. मावशी तेव्हा नव्या नव्या सून होत्या, बाया वेगळ्या बसायच्या तिथे मागे बसून त्यांनी ते गाणं ऐकलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पुढे मुलगी शाळेत गेली, तेव्हा त्यांनी तिला पहिल्या आठवड्यातच म्हटलं, पाटीवर माझं नाव लिहून दाखव. मुलीने चार दिवस घेतले. मग मावशी त्यावर बोट फिरवून फिरवून सही शिकल्या, आणि दोन वर्षांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या.

"त्या रविवारी हिचा वाढदिवस होता ना," त्या म्हणाल्या. "म्हणून लावायला सांगितलं. हिला माहीत नव्हतं."

मुलगी ओट्याकडे वळली आणि उगाचच चहाची भांडी काढू लागली. तिने चहा केला. मी प्यायलो. मिठाईचा डबा कोणी उघडला नाही. निघताना मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी लिफ्टपर्यंत आली नाही.

पुढच्या रविवारी मित्र आला, तेव्हा माइक लावायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. जात, बाबा, पार्टी, गाणं. तो खुर्चीवर बसून राहिला.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्यासमोर जे जे बोललो..."

"हो."

"आणि तू हसायचास."

"हो."

"का हसायचास यार? एकदा तरी थांबवायचंस मला."

तो दुखावला होता, आणि माझ्यामुळे. इतकी वर्षं मी समजत होतो की लपवण्याचा त्रास फक्त मला होतो.

आदल्या दिवशी मी बाबांना फोन करून ते गाणं मागितलं होतं. त्यांच्याकडे ती कॅसेट कुठल्या अवस्थेत असेल, देव जाणे, असं मला वाटलं होतं. दहा मिनिटांत फाइल आली. मागून बाबांजवळ राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मेसेज: बाबांनी पाच वर्षांपूर्वीच दुकानातून पेन ड्राइव्हवर करून घेतलं होतं, तुझा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा.

मी गाणं लावलं. त्याआधी जे सांगायचं ते सांगितलं: बाई कोण होत्या, मी काय म्हणालो, मी कोण आहे. पेटीवर कोण आहे तेही सांगितलं. आवाज हलत होता, तो हलूच दिला. दोन-तीन जणांनी कळवलं की राजकारण पहिल्या अर्ध्या तासातच ठेवा. बाकी सगळं कौतुक. किती धाडस, किती प्रामाणिकपणा, डोळ्यांत पाणी आलं. ते वाचताना मला तेविसाव्या मजल्यावरच्या त्या मुलीचा चेहरा दिसायचा. जे मी एकवीस वर्षं आधी साधेपणाने सांगायला हवं होतं, ते उशिरा सांगून मी टाळ्या घेत होतो. पुढे मी ते मेसेज उघडणं बंद केलं.

बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "दुकानवाल्याची मशीन हळू चालत होती. गाणं अर्ध्या सुराने खाली गेलं. आमची पट्टी काळी दोन होती. लोकांना वाटेल आम्ही ढिले गायचो."

"पुढच्या वेळी स्पीड वाढवून लावतो, बाबा."

"हं," ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही, आणि मीही नाही.

मावशींचे सहा महिने संपले आणि त्या त्याच आठवड्यात भारतात परत गेल्या. मी मुलीला कार्यक्रमाची लिंक पाठवली. तिने मेसेज बघितला, एवढं निळ्या खुणांवरून कळलं. उत्तर आलं नाही, आणि ते येईल अशी अपेक्षा करणंही मला बरोबर वाटलं नाही. आमचा कार्यक्रम आणखी काही महिने चालला. मित्र आता राजकारणावर बोलताना अडखळायचा. वाक्य सुरू करायचा, माझ्याकडे बघायचा, बदलायचा. एका रविवारी तो म्हणाला की मुलाच्या सॉकरच्या वेळा बदलल्या आहेत. आम्ही अजून एकमेकांकडे जेवायला जातो. तो जपून बोलतो. मीही.

यंदा एप्रिलमध्ये मी बायकोला म्हणालो, जयंतीला जाऊ या. तिने फक्त साडी काढली. एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. लहान मुलांची भाषणं इंग्रजीत, वयस्कर मंडळींची मराठीत, मागे भाताची मोठी पातेली. दाराशी टेबलावर आमच्याच वयाची एक बाई नावं लिहून घेत होती. मी नाव सांगितलं. ती हसून म्हणाली, "वेलकम! नवीनच आलात का अमेरिकेत?"

"नाही," मी म्हणालो. "एकवीस वर्षं झाली."

तिने वर बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "अच्छा," ती म्हणाली आणि नाव लिहिलं.

तेवढ्यात आतून कोणीतरी माझ्या बायकोला ओळखलं. पहिल्या दोन वर्षांतली मैत्रीण असावी, धावतच आली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अगं, कुठे होतीस इतकी वर्षं?"

माझी बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथेच होते. वीस मिनिटांवर."